हिरव्या ठिपक्याची शुगर

विक्रोळीत एखाद्याला शुगर निघाली की रिपोर्टचा कागद हातात धरून तो पहिलं वाक्य बोलतो, "पण मी तर गोड खातच नाही." गळ्यात तुळशीची माळ असेल तर वाक्य थोडं बदलतं. "आयुष्यात अंड्याला शिवलो नाही, आणि मला शुगर?" हा राग साखरेवर नसतो, थेट पंढरपुरावर असतो. इतकी वर्षं आषाढी-कार्तिकी केली, शेजारच्यांनी सुकट भाजली तर भर उन्हाळ्यात खिडक्या लावून बसलो, आणि विठोबानं शेवटी पदरात काय घातलं, तर फास्टिंग १६८.

आमच्या कन्नमवारनगरात अशी फसवणूक झालेली माणसं दर मजल्यावर भेटतात. त्यांच्या जखमेवर मीठ म्हणजे समोरच्या बिऱ्हाडातले मालवणचे मामा. दुपारी बांगड्याचं तिखलं, रात्री उरलेलं तिखलं, रविवारी मटण, आणि रिपोर्ट इतका स्वच्छ की लॅबवाल्यानं बाटली बदलली असावी अशी शंका यावी. आमच्या मजल्यावरच्या माळकरी काकांचं मत असं, की देवाच्या दरबारी हिशेबात काहीतरी घोटाळा झाला आहे. माझ्या मते घोटाळा दरबारात नसून ताटात आहे. पण काका वयानं मोठे, त्यांना तोंडावर कसं सांगणार? म्हणून लेख लिहितो आहे.

आमच्याकडे अधूनमधून सोसायटीच्या ऑफिसात मोफत तपासणी शिबिर भरतं. बाहेर हात जोडलेल्या नेत्याचा बॅनर, आत टेबल, टेबलावर बोटाला टोचायचं यंत्र. रात्रभर उपाशी राहून आलेल्या माणसाचं रक्त घेतात, शुगर जास्त आहे म्हणून दम भरतात आणि बाहेर पडताना हातात वडापाव ठेवतात. आजवर कुणी नाही म्हटल्याचं मी पाहिलेलं नाही.

हल्ली नुसत्या फास्टिंगला कोण विचारतो म्हणा! "तीन महिन्यांची किती?" हा खरा प्रश्न. एचबीएवनसी नावाच्या या आकड्याला आमच्या वसाहतीत दहावीच्या टक्क्यांचा मान आहे. फक्त इथे ज्याला कमी तो पहिला. ५.७च्या खालचा माणूस जिन्यात उगाच थांबून इतरांची चौकशी करतो. ६.५ किंवा त्याहून वरचा मधुमेही ठरतो आणि "मध्ये गणपती होते ना" असं कारण देतो. मधले सगळे 'बॉर्डरवर'. आयसीएमआरच्या पाहणीचे आकडे २०२३मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत देशात मधुमेही १० कोटी १० लाख आणि बॉर्डरवर १३ कोटी ६० लाख. एवढी माणसं बॉर्डरवर उभी असूनही कुणाला तिथून परत फिरायची घाई दिसत नाही.

आता शाकाहाराचं म्हणाल तर विक्रोळी स्टेशनाबाहेर पडल्यावर जे जे पोटात जातं, ते बहुतेक झाडापासूनच आलेलं असतं. वडापाव घ्या. बटाटा जमिनीतला, बेसन हरभऱ्याचं, पाव गव्हाच्या मैद्याचा, तेल बहुधा पामचं, चटणीत लसूण आणि खोबरं. जनावराचा कुठे वाराही नाही. दादर स्टेशनाबाहेर १९६६ साली अशोक वैद्यांनी वडा पावात घातला असं मानतात. त्या काळचा गिरणी कामगार तो खाऊन पाळीभर यंत्रापुढे उभा राहायचा. आज आपण तोच वडापाव खाऊन लोकलमध्ये बसायला मिळतं का बघतो, ऑफिसात पोचलो की पुन्हा बसतो, घरी आलो की बसून सिरियल बघतो. वड्यात काही बदल झालेला नाही. जिलेबी म्हणजे मैदा आणि ऊस. फरसाण, वेफर्स, समोसा, रंगीत सरबत, सगळ्यांवर हिरवा ठिपका. १९३७ साली बाजारात आलेला डालडा तर शाकाहारी म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या आपल्या करंज्यांत गेला. त्यातल्या ट्रान्स फॅटवर सरकारनं २ टक्क्यांची मर्यादा घालेपर्यंत २०२२ उजाडलं.

विक्रोळीत अंगाला लावायचा साबणसुद्धा शाकाहारी, हे जाता जाता सांगून टाकतो. जनावराची चरबी न घालता वनस्पती तेलापासून साबण करायचा उद्योग आर्देशिर गोदरेजांनी १९१८च्या सुमारास केला. पुढे त्याच गोदरेज साबणाच्या जाहिरातीत खुद्द रवींद्रनाथ टागोर झळकले. पिरोजशा गोदरेजांनी १९४३मध्ये विक्रोळीची जमीन घेतली आणि कंपनी इथे आली. स्टेशनच्या पूर्वेला टागोरनगर आहे. त्या नावाचा साबणाशी काही संबंध नसावा, पण आमच्याकडे पाहुण्यांना तसं सांगायला मजा येते. सांगायचं एवढंच, की अंग शाकाहारी साबणानं धुतलं तरी कमरेचा घेर काही उतरत नाही.

झाडापासून आलेलं ते सगळं चांगलं, ही समजूत फक्त आपलीच आहे असंही नाही. अमेरिकेतल्या दोन लाखांहून जास्त डॉक्टर, नर्स आणि तत्सम मंडळींच्या वर्षानुवर्षांच्या खाण्याच्या नोंदी हार्वर्डच्या अंबिका सतीजा आणि सहकाऱ्यांनी तपासल्या आणि २०१६मध्ये निष्कर्ष छापले. अख्खं धान्य, कडधान्यं, भाज्या, फळं, दाणे असा वनस्पतींचा आहार घेणाऱ्यांना मधुमेहाचा धोका सुमारे एक तृतीयांशानं कमी. मैदा, बटाटा, गोड पेयं आणि मिठाया असा वनस्पतींचा आहार घेणाऱ्यांना तो उलट वाढलेला. दोन्ही आहार वनस्पतींचेच. दुसरा आहार म्हणजे आमच्या स्टेशन रोडचं मेनू कार्डच, पण हार्वर्डवाले विक्रोळीला कशाला उतरतील?

माझी भाची पिरोजशानगरात एका ऑफिसात काम करते. ती गेल्या वर्षी व्हीगन झाली. घरात ही बातमी फुटली तेव्हा आजीनं आधी विचारलं, "मुलगा कुठला?" व्हीगन ही जात नसून खाण्याची पद्धत आहे हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला, पण तपशील ऐकून पुन्हा वर आला.

"दूध नाही?"

"नाही."

"दही, तूप, ताक?"

"नाही गं आजी."

"मध?"

"मधही नाही. माश्यांचा असतो तो."

"मग खातेस तरी काय?"

"तू लहानपणी गावाला काय खायचीस?"

आजी आठवू लागली. सकाळी उकड्या तांदळाची पेज, वर भाजलेला पापड. दुपारी नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी, त्यात दोन सोलं टाकलेली. पावसात टाकळा, कुर्डू, फोडशी, अळू. सणाला नारळाचा रस. मासळी जाळ्यात आली तर, नाहीतर नाही. दूध फक्त चहापुरतं, तेही गाय व्यालेली असली तर.

"बघ, तू तर आधीपासूनच व्हीगन!" भाची टाळी वाजवत म्हणाली.

"ती गरिबी होती गं बाई," आजी म्हणाली. "त्याला डाएट म्हणत नाहीत."

भाची क्षणभर गप्प बसली. मग तिनं पिशवीतून तिचं 'डाएट' काढलं: ओटच्या दुधाचा खोका आणि झाडापासून केलेले, चिकनसारखे लागणारे नगेट्स. त्या पाकिटावरचे बारीक अक्षरातले घटक मी चष्मा लावून वाचले. मैदा, स्टार्च, पामतेल, मीठ. ठिपका हिरवागार. त्या पाकिटाच्या किमतीत आजीनं महिन्याचे कुळीथ भरले असते. आजीनं एक नगेट चावून बघितला आणि शांतपणे बशीत ठेवला. "कोंबडीपण वाया आणि झाडपण," म्हणाली, आणि वाल सोलायला बसली.

वालाचं बिरडं हा मात्र खरा वनस्पती-आहार. रात्री भिजत घाला, सकाळी उपसून फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी इवलेसे मोड येतात. मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरायचा आणि असा दाबायचा की साल हातात राहते आणि डाळिंबी ताटात उडी मारते. निम्म्या उड्या ताटाबाहेर जातात. हे काम दोन सिरियली आणि एक बातमीपत्र एवढं चालतं. आणि एवढ्या उपद्‌व्यापानंतर घरातला पुरुष ताटात भाताचा डोंगर घेतो, त्याच्या पायथ्याशी बिरडं चमचाभर वाढून घेतो आणि म्हणतो, "आज कडधान्य झालं हं." आमच्या वहिनींनी दोन दिवस खपून केलेल्या बिरड्याचा असा लोणच्यासारखा वापर बघून मला त्यांच्या संयमाचं कौतुक वाटतं.

आमच्या माळकरी काकांचा घोटाळा नेमका इथे आहे. ते मांस खात नाहीत हे खरं, पण त्याच्या जागी काय खातात? भात, त्यावर पोळी, पोळीला तोंडी लावायला बटाटा, आणि उपवास असला तर साबुदाणा. आयसीएमआरचाच पुढचा अभ्यास २०२५मध्ये आला. त्यानुसार सरासरी भारतीयाच्या पोटात जाणाऱ्या एकूण ऊर्जेतली ६२ टक्के नुसती पिष्टमय पदार्थांतून येते, आणि प्रथिनांतून साधारण १२ टक्के. शिवाय भाताऐवजी नुसती गव्हाची पोळी किंवा नाचणीची भाकरी आणली आणि पिष्टाचा एकूण ढीग तेवढाच ठेवला, तर धोका काही कमी झालेला दिसला नाही. हे वाचल्यावर, "मी भात सोडला, आता फक्त ज्वारीच्या चार भाकऱ्या खातो" असं अभिमानानं सांगणाऱ्या आमच्या सेक्रेटरींची मला फार काळजी वाटली. ढिगातला थोडासा वाटा डाळी-कडधान्यांना किंवा दुधा-दह्याला दिला, तर मात्र फरक दिसतो. हे सगळं शाकाहारीच आहे. माळ काढायचं कारण नाही.

काका किडकिडीत आहेत, हाही त्यांचा एक मुद्दा. "माझ्याकडे बघ, चरबी कुठे आहे?" याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. पण यंत्रात घालून तपासलं तर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून लठ्ठ, आणि आपण भारतीय लोक बरेचसे असेच. कारण देतानाही त्यांनी थट्टा सोडली नाही: युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पोचण्यासाठी धावणं. जन्मवेळचं कमी वजन हेही एक कारण त्यांनी सुचवलं होतं. आईच्या पोटातली उपासमार पुढे आयुष्यभर हिशेब मागते.

ही लिफ्टची गोष्ट वाचल्यापासून मला आमच्या वसाहतीचा इतिहास नव्यानं कळला. म्हाडाच्या जुन्या इमारतींना लिफ्ट नव्हती. दळण, रॉकेलचा डबा, गणपती, सगळं जिन्यानं वर जायचं. आता पुनर्विकासात टॉवर उभे राहिले आणि तीच माणसं दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट बघत उभी असतात. पूर्व-पश्चिम जाताना स्टेशनचा पूल चढावा लागायचा. जून २०२५मध्ये रेल्वेवरचा उड्डाणपूल सुरू झाला आणि आमच्या सेक्रेटरींना पश्चिमेला जायला रिक्षा मिळू लागली. पुलाबद्दल माझी तक्रार नाही, एवढ्या वर्षांनी झाला हेच नशीब. पण सेक्रेटरींच्या आयुष्यातल्या उरल्यासुरल्या पायऱ्याही गेल्या.

आणि श्रावण! अख्खी विक्रोळी महिनाभर वनस्पती-आहार करते, असा प्रयोग जगात कुठल्या विद्यापीठाला जमला नसता. यात मासेमारीची गंमत बघा. राज्यात पावसाळी मासेमारीबंदी साधारण ३१ जुलैला उठते. होड्या समुद्रात जातात, ताजी मासळी बाजारात येते आणि नेमकं त्याच सुमाराला गिऱ्हाईक श्रावण पाळायला घरी बसतं. कोळीण ओट्यावर बसून माश्या वारते आणि मामा लांबूनच पापलेटचं दर्शन घेऊन पुढे जातात. त्याआधी गटारीला महिन्याभराचा साठा आत करून घेतलेला असतोच. मग सोमवार, शनिवार, एकादशी, जन्माष्टमी. साबुदाण्याची खिचडी, साबुदाण्याचे वडे, बटाट्याचा कीस, रताळ्याचे गोड काप, राजगिऱ्याचा लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते काही उगाच नाही. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला जवळजवळ शुद्ध स्टार्च. बटाटा आणि टॅपिओका दोघंही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. पोर्तुगिजांच्या आधी आपल्या पूर्वजांनी उपवासाला काय खाल्लं असेल, हा विचार खिचडीची दुसरी बशी घेताना करण्यासारखा आहे. त्याच उपवासाला वरी चालते, शेंगदाणे चालतात, दही चालतं, काकडीची कोशिंबीर चालते. पण "आज उपास आहे" म्हणताना काकडी डोळ्यांपुढे येत नाही, हे कबूल केलं पाहिजे.

शेवटी गोळी येते. मेटफॉर्मिन. तिची कूळकथा मी काकांना सांगितली तेव्हा ते प्रथमच खूश झाले. युरोपात गालेगा नावाची एक जांभळ्या फुलांची वनस्पती आहे, आपल्या वाल-मटकीच्याच कुळातली. तिच्यातल्या द्रव्याचा माग काढत काढत हे औषध तयार झालं आणि १९५७मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरून दाखवलं. म्हणजे ज्यानं ताटातलं कडधान्य टाळलं, त्याला डॉक्टर त्याच्याच भाऊबंदांची गोळी देतात, दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

काकांची खुशी टिकली नाही, कारण मी पुढचं सांगितलं. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि निव्वळ शाकाहारी माणसाकडे ते मुळातच कमी असतं. पुण्यात याज्ञिकांच्याच गटानं मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, २००६मध्ये ती छापून आली, तेव्हा दोन-तृतीयांश जणांत बी-१२ कमी निघालं. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसतं. ते जंतू बनवतात आणि आपल्याला दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं. पायाला मुंग्या येतात, काका म्हणतात, "शुगरमुळे." तेवढंच कारण असेल असं नाही. भाचीनं तर दूधही सोडलेलं, म्हणून तिला डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बी-१२ सुरू करायला लावलं. ती कॅप्सूल आणून काकांपुढे ठेवली तर त्यांनी बारीक अक्षरं वाचली, आणि त्यातला 'जिलेटिन' हा शब्द बघून मला फोन केला. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. आता काका साधी गोळी घेतात. मिळते दुकानात, विचारावं लागतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४मध्ये दिवसभराच्या ताटाचा हिशेब दिला आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४०० आणि फळं १००. चौघांच्या घरात म्हणजे रोज दीड किलोच्या वर भाजी. मी भाजीवालीकडे एवढी मागितली तेव्हा तिनं विचारलं, "दादा, बारसं आहे का?" एवढी भाजी परवडणार कुणाला आणि निवडायला बसणार कोण, हा प्रश्न पोषण संस्थेनं आमच्या वहिनींवर सोडला आहे. पण भात-पोळी निम्मी करून बिरडं-उसळ दुप्पट करायला ज्यादा पैसे फारसे लागत नाहीत. मालवणच्या मामांचा रिपोर्ट चांगला का, हेही मी नीट बघितलं. ते मासळी खातात म्हणून नव्हे, किंवा निदान तेवढ्यानंच नव्हे. भात मूठभर, पुड्यातलं फरसाण नाही, आणि टागोरनगरच्या बाजारात रोज पायी जाऊन पायीच येतात. लिफ्ट बंद असली तर सोसायटीत शिव्या न घालणारा तो एकटाच माणूस आहे.

तेव्हा वाचकहो, आपण माळकरी असा, व्हीगन असा नाहीतर बांगडेवाले, एक काम करा. पाकिटाच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, ते उलटून मागचं बारीक वाचा. गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर भात-पोळी कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. शुगर एकदम खाली गेली की चक्कर येते. शाकाहारी असाल तर पुढच्या वेळी बी-१२ तपासून घ्या. आणि शिंप्याकडची टेप मागून कमरेला लावा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. त्याच्या वर गेलं की सावध. मापताना पोट आत ओढू नका, शिंपी बघत असतो.